ऑबर्न रस्त्याचा गल्ला

अमेरिकेतल्या अटलांटा शहरात ऑबर्न ॲव्हेन्यू नावाच्या रस्त्यावर ५०१ क्रमांकाचं एक दुमजली घर आहे. १५ जानेवारी १९२९ रोजी मार्टिन ल्यूथर किंग या घरात जन्मले. तिथून थोडं पुढे गेलं की एबेनेझर बॅप्टिस्ट चर्च लागतं. किंग यांचे आजोबा, वडील आणि पुढे ते स्वतः तिथे धर्मोपदेशक होते. त्यांची आणि पत्नी कोरेटा यांची समाधीही जवळच आहे. या साऱ्या परिसराला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा आहे. जगभरातून माणसं येतात, समाधीपाशी उभी राहतात आणि बहुतेक जण तिथूनच परततात.

त्यांनी त्याच रस्त्याने पश्चिमेकडे चालत जावं, असं मला फार वाटतं. वाटेत महामार्गाचा अवाढव्य पूल लागतो. तो ओलांडल्यावर, शहराच्या मध्याकडे जाताना, जुन्या विटांच्या आणि दगडांच्या इमारती दिसू लागतात. त्यांतली एक अटलांटा लाइफ या विमा कंपनीची. चळवळींचा इतिहास आपण भाषणांमधून आणि मोर्च्यांमधून वाचतो. पकडलेल्या विद्यार्थ्यांचा जामीन कोणी भरला, गोऱ्या मालकाने ज्याला कामावरून काढलं त्याच्या घरी चूल कशी पेटली, हे प्रश्न मागे राहतात. त्यांची उत्तरं या इमारतींमध्ये आहेत.

अटलांटा लाइफचे मालक अलोन्झो हर्नडन १८५८ साली जॉर्जियातल्या वॉल्टन परगण्यात गुलाम म्हणून जन्मले. आई गुलाम होती आणि जन्मदाता बाप म्हणजे तिचा गोरा मालक. गुलामगिरी संपली तेव्हा अलोन्झो सात वर्षांचे होते. मालकाने आईला मुलांसकट बाहेर काढलं. घर नाही, जमीन नाही, हातात पैसा नाही. अलोन्झो शेतावर राबले, शेंगदाणे, काकवी आणि गाडीच्या चाकाचं वंगण विकत फिरले. शाळा जेमतेम वर्षभराची. १८७८ साली त्यांनी गाव सोडलं तेव्हा गाठीला ११ डॉलर होते. वाटेत ते न्हावीकाम शिकले, जोन्सबरो गावात स्वतःचं पहिलं दुकान काढलं आणि १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला अटलांटात आले.

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्यांची हजामत करणं हे काळ्या माणसाचं काम समजलं जाई. हर्नडन दुसऱ्याच्या सलूनमध्ये नोकरीला लागले, सहा महिन्यांत त्यात निम्मे भागीदार झाले, आणि १९०४पर्यंत त्यांच्या मालकीची तीन सलून झाली. त्यांतलं पीचट्री स्ट्रीटवरचं सलून तर शहरात गाजत होतं. संगमरवर, स्फटिकांची झुंबरं, पॅरिसच्या नमुन्यावर घडवलेले दरवाजे. पुढे लोक त्याला ‘क्रिस्टल पॅलेस’ म्हणू लागले. न्यायाधीश, वकील, राजकारणी, व्यापारी तिथे दाढीला बसत. कारागीर सगळे कृष्णवर्णीय, गिऱ्हाईक सगळं गोरं. हर्नडन स्वतःच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून खुर्चीत बसू शकत नव्हते.

ही गोष्ट सांगताना काही अभ्यासक अवघडतात. स्वतःच्या लोकांना दार बंद ठेवणारा हा कसला नायक, असं त्यांना वाटतं. मला तो आक्षेप हलका वाटत नाही. पण त्या वस्तऱ्याच्या कमाईचं पुढे काय झालं, ते पाहिल्याशिवाय निकाल देता येत नाही.

त्यासाठी विम्याची गोष्ट सांगायला हवी. कृष्णवर्णीयांना बचतीचा अनुभव फार कडू होता. मुक्त झालेल्या गुलामांसाठी काढलेली फ्रीडमन्स बँक १८७४ साली बुडाली आणि हजारो गरिबांची पुंजी गेली. गोऱ्यांच्या विमा कंपन्याही त्यांना सरळ वागवत नव्हत्या. प्रुडेन्शियल कंपनीने १८८१ साली ठरवलं की हप्ता गोऱ्यांइतकाच घ्यायचा, पण कृष्णवर्णीय विमेदार वारला तर त्याच्या घरच्यांना एक तृतीयांश रक्कम कमी द्यायची. १८९६ मध्ये त्याच कंपनीचा संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन याने एक जाडजूड पुस्तक लिहिलं आणि हा वंशच मुळात दुबळा आहे, त्याचा विमा उतरवणं तोट्याचं आहे, असं आकडेवारीच्या थाटात मांडलं. लोक आजारी पडत होते दारिद्र्याने, दाटीवाटीच्या वस्त्यांमुळे आणि दवाखान्यांची दारं बंद असल्याने. दोष मात्र रक्ताला दिला गेला.

मग माणसं आपल्या चर्चच्या आधाराने एकत्र आली. अटलांटाच्या व्हीट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चशी संबंधित धर्मोपदेशकांनी एक छोटी परस्पर-मदत मंडळी काढली होती. सभासदांनी आठवड्याला चिल्लर भरायची. कोणी आजारी पडलं तर थोडी मदत, कोणी गेलं तर अंत्यविधीचा खर्च. अंत्यविधीचं महत्त्व इथे फार होतं. गुलामगिरीत ज्यांच्या वाडवडलांना नावाचा दगडही मिळाला नाही, त्यांना आपलं माणूस नीट पोचवायचं होतं. १९०५ साली जॉर्जियाने कायदा केला की अशा प्रत्येक संस्थेने सरकारकडे ५,००० डॉलर अनामत ठेवावी. चर्चच्या मंडळींकडे एवढी रक्कम येणार कुठून? ते हर्नडन यांच्याकडे गेले. हर्नडन यांनी १४० डॉलरला ती मंडळी विकत घेतली आणि अनामतीचे पाच हजार स्वतःच्या खिशातून भरले. आणखी काही डबघाईला आलेल्या संस्था त्यांनी तिच्यात सामावून घेतल्या. १९२२ साली तिचं नाव अटलांटा लाइफ इन्शुरन्स कंपनी झालं.

या विम्याचं सगळं बळ एजंटच्या पायांत होतं. आपल्याकडे पिग्मीचा एजंट रोज दुकानांतून फिरतो, तसा अटलांटा लाइफचा माणूस दर आठवड्याला दारोदार जाई. धुणंभांडी करणाऱ्या बायका, हमाल, आचारी, भट्टीवरचे मजूर त्याच्या हातावर पाच-दहा सेंटची नाणी ठेवत आणि तो वहीत नोंद करी. पगार आठवड्याचा, म्हणून हप्ताही आठवड्याचा. रक्कम नगण्य, पण माणसं हजारो. या पैशातून नोकऱ्या निर्माण झाल्या. शिकलेल्या कृष्णवर्णीय तरुण-तरुणींना शिक्षक किंवा धर्मोपदेशक होण्यापलीकडे फारशी वाट नव्हती. त्यांना इथे टंकलेखन, हिशेब, व्यवस्थापन यांची कामं मिळाली. मुख्य म्हणजे त्यांचा पगार कुठल्याही गोऱ्या माणसाच्या मर्जीवर अवलंबून नव्हता.

ती मर्जी किती भयंकर असू शकते, हे अटलांटाने १९०६च्या सप्टेंबरमध्ये पाहिलं. गोऱ्या स्त्रियांवर हल्ले झाल्याच्या खोट्या बातम्या वर्तमानपत्रांनी मोठमोठ्या मथळ्यांनी छापल्या आणि गोऱ्यांचे जमाव रस्त्यावर उतरले. दोन-तीन दिवसांत किमान पंचवीस कृष्णवर्णीय मारले गेले. हर्नडन त्या संध्याकाळी दुकान लवकर बंद करून घरी गेले होते म्हणून वाचले. जमावाने त्यांचं सलून फोडलं. समोरच्या सलूनमधल्या कारागिरांचे जीव गेले. या दंगलीनंतर कृष्णवर्णीयांचे धंदे शहराच्या मध्यातून निघून ऑबर्नकडे एकवटू लागले. पुढे ज्या रस्त्याच्या श्रीमंतीचं कौतुक झालं, त्याच्या मुळाशी अशी हकालपट्टी आहे.

आणि श्रीमंती खरोखरच आली. १९१२ मध्ये ऑड फेलोज संस्थेची उंच इमारत उभी राहिली. १९२१ मध्ये सिटिझन्स ट्रस्ट बँक निघाली. १९२८ मध्ये ‘अटलांटा वर्ल्ड’ हे वर्तमानपत्र सुरू झालं आणि चार वर्षांत ‘अटलांटा डेली वर्ल्ड’ हे दैनिक झालं. औषधांची दुकानं, शिंपी, छायाचित्रकार, अंत्यविधीचा व्यवसाय करणारे, रात्री गाण्याचे क्लब. १९४९ साली जेसी ब्लेटन या हिशेबतपासनिसाने डब्ल्यूईआरडी हे रेडिओ केंद्र विकत घेतलं. कृष्णवर्णीयांच्या मालकीचं अमेरिकेतलं ते पहिलं केंद्र. हे केंद्र ज्या प्रिन्स हॉल मेसॉनिक इमारतीत होतं, तिच्यातच पुढे खालच्या मजल्यावर किंग यांच्या संघटनेचं कार्यालय आलं. किंग झाडूच्या दांड्याने वरच्या मजल्याच्या तक्तपोशीवर ठोकत आणि वरून माइक खिडकीतून खाली सोडला जाई, अशी आठवण तिथे सांगतात. १९५६ साली फॉर्च्यून मासिकाने ऑबर्नला जगातला सर्वांत श्रीमंत कृष्णवर्णीय रस्ता म्हटलं.

हर्नडन यांच्या काळात कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस अटलांटा विद्यापीठात शिकवत होते. १८९९ सालीच त्यांनी कृष्णवर्णीयांच्या व्यवसायांवर अभ्यासपरिषद भरवून तिचा अहवाल काढला होता. हे तेच डु बॉइस, ज्यांना डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाबद्दल विचारणा केली होती. आणखी मागे गेलं तर जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. त्या वर्षी अलोन्झो पंधरा वर्षांचे झाले आणि ‘मुक्त’ होऊनही शेतावर राबत होते. फुले स्वतः पुण्यात कंत्राटदारी करत, पदरचे पैसे कामाला लावत. समाजकार्याच्या मागे कमाई कुठून येते, हे जाणणारा तो माणूस होता. हर्नडन यांची धडपड त्यांना लगेच उमगली असती, असं मला वाटतं.

हर्नडन यांच्या पहिल्या पत्नी एड्रियन यांच्याविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. अटलांटा विद्यापीठात त्या वक्तृत्व आणि नाट्य शिकवत. रंगभूमीवर उभं राहायचं ही त्यांची मनापासूनची आस. १९०४ साली बॉस्टनमध्ये त्यांनी शेक्सपिअरच्या ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’चं एकटीने सादरीकरण केलं, तेही ॲन डु बिन्यॉन हे नाव घेऊन. वर्ण उजळ होता; खरी ओळख सांगितली असती तर मंच मिळाला नसता. अटलांटात पतीबरोबर त्यांनी पंधरा खोल्यांचं घर स्वतः आखलं. कृष्णवर्णीय गवंडी-सुतारांनी ते बांधलं. १९१० साली घर पुरं झालं आणि त्याच वर्षी एड्रियन आजारपणात गेल्या. आज ते घर संग्रहालय आहे. दिवाणखान्यात भिंतीच्या वरच्या पट्ट्यावर अलोन्झो यांचं आयुष्य चितारलेलं आहे, गुलामगिरीतल्या बालपणापासून. एवढ्या वैभवात स्वतःचं गुलामपण पाहुण्यांच्या नजरेसमोर ठेवणारा हा माणूस मला त्याच्या सगळ्या संपत्तीपेक्षा मोठा वाटतो.

त्यांचा एकुलता एक मुलगा नॉरिस. १९०५ साली डु बॉइस यांनी समान हक्कांसाठी नायगारा इथे बोलावलेल्या पहिल्या बैठकीला वडील त्याला घेऊन गेले होते. त्या बैठकीच्या प्रसिद्ध छायाचित्रात प्रौढ पुरुषांसमोर लहानगा नॉरिस दिसतो. १९२७ साली वडील गेल्यावर हार्वर्डमध्ये शिकलेल्या नॉरिस यांनी कंपनी सांभाळली, वाढवली, आणि नागरी हक्कांच्या कामाला गाजावाजा न करता पैसा पुरवला. त्यांनी लग्न केलं नाही. कंपनीची मालकी त्यांनी आपल्या धर्मादाय निधीकडे सोपवली.

१९६० साली अटलांटाचे विद्यार्थी गोऱ्यांपुरत्या उपाहारगृहांत ठिय्या देऊ लागले तेव्हा हा सगळा साठा कामी आला. अटलांटा लाइफने जामिनासाठी पैसे दिले. पास्कल बंधूंनी आपल्या हॉटेलात बैठकांना जागा दिली, सुटून येणाऱ्या मुलांना जेवू घातलं. त्याआधी, माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी भेदभाव करणाऱ्या बससेवेवर बहिष्कार टाकला तेव्हा, लोकांना कामावर पोचवणाऱ्या गाड्यांचा विमा कंपन्या एकामागून एक रद्द करू लागल्या. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येईना. ऑबर्नवरचे विमा व्यावसायिक टी. एम. अलेक्झांडर यांनी थेट लंडनच्या लॉइड्सकडून तो मिळवून दिला आणि गाड्या धावत राहिल्या.

सगळेच व्यापारी असे नव्हते. अटलांटा डेली वर्ल्डने विद्यार्थ्यांच्या आंदोलनाला साथ दिली नाही. गोऱ्यांच्या दुकानांच्या जाहिराती त्याला हव्या होत्या. तेव्हा ‘अटलांटा इन्क्वायरर’ हे नवं पत्र निघालं. ते काढणाऱ्यांत अटलांटा लाइफचे जेसी हिल होते, जे पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले. पैसा कोणाकडून येतो, यावर आवाज किती मोकळा राहतो हे ठरतं. त्याचा इतका स्वच्छ दाखला क्वचित मिळेल.

मग रस्ता ओसरला. महामार्ग नेमका ऑबर्नच्या मधून काढला गेला. घरं पडली, वस्ती पांगली, गिऱ्हाईक तुटलं. १९६४च्या नागरी हक्क कायद्याने गोऱ्यांच्या हॉटेलांची आणि दुकानांची दारं उघडली. ज्यासाठी मुलं तुरुंगात गेली ते हेच. पण कृष्णवर्णीय गिऱ्हाईक तिकडे गेलं. तिकडचं गिऱ्हाईक ऑबर्नवर आलं नाही. १९७६ साली या भागाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, तरी १९९२ आणि पुन्हा २०१२ मध्ये देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या वारसास्थळांत त्याचं नाव लागलं. किंग यांचं जन्मघर सरकारी निधीने झळाळत राहिलं आणि ज्यांनी चळवळीची बिलं भरली त्यांच्या इमारतींच्या खिडक्यांना फळ्या लागल्या, हे मला खरोखर सलतं.

म्हणून तिकडे जाणाऱ्यांना सांगणं आहे. ऑबर्नवरचं एपेक्स संग्रहालय पाहा. एजवूड ॲव्हेन्यूवरच्या कर्ब मार्केटमध्ये जा. १९२४ साली ती मंडई बांधली तेव्हा कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना आत गाळा मिळत नसे, बाहेरच्या फुटपाथवर बसून माल विकावा लागे. आज आत कृष्णवर्णीय मालकांचेही गाळे आहेत. मग शहराच्या पश्चिमेला हर्नडन यांचं घर पाहायला जा. तिथून बिझी बी कॅफे जवळच आहे. ल्यूसी जॅक्सन यांनी १९४७ मध्ये सुरू केलेली ही खानावळ अजून चालू आहे. तळलेली कोंबडी, शिजवलेला पाला आणि मक्याचा पाव मागवा. दुपारी रांग असते, थोडा वेळ हाताशी ठेवून जा.