दोन घाटांमधला हिशेब

पंचवटीतल्या माणसाला 'घाट' म्हटले की आधी गोदावरीच्या दगडी पायऱ्या आठवतात. मुंबईला जायचे निघाले की मग दुसरा घाट आठवतो, कसाऱ्याचा. एका घाटाने पाण्यात उतरायचे, दुसऱ्याने डोंगर चढायचा. या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. मनगटावर बांधायचे एक यंत्र घेतल्यापासून मला मात्र हे दोन घाट वेगळे काढता येईनासे झाले आहेत.

यंत्राचे नाव डाइव्ह कॉम्प्युटर. दिसायला जाडजूड घड्याळ. निवृत्तीनंतर मी मालवणला स्कूबा डायव्हिंग शिकलो आणि पाठोपाठ हे घेतले. समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्याला हा नसता खर्च वाटेल. माझे म्हणणे उलट आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्यापेक्षा देशावरच्या माणसाला या यंत्राची गरज अधिक, आणि ते नीट समजून घेण्याची तर त्याहून अधिक.

रामकुंडात सूर मारणारा मुलगा एका श्वासावर पाण्याखाली जातो आणि त्याच श्वासावर वर येतो. त्याला हिशेबाची गरज नाही. पाठीवर टाकी बांधून उतरणाऱ्याचे तसे नसते. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि त्या वाढत्या दाबाची हवा तो खाली राहील तितका वेळ श्वासातून घेत असतो. या हवेतला सुमारे ७८ टक्के नायट्रोजन शरीराला वापरता येत नाही. तो रक्तात आणि मांसपेशींत विरघळून साठत जातो. सावकाश वर आले तर श्वासावाटे निघून जातो. घाईने वर आले तर सोड्याची बाटली उघडावी तसे शरीरात बुडबुडे होतात. सांधे दुखतात, हातपाय बधिर होतात. क्वचित मज्जारज्जूला इजा होऊन माणूस कायमचा जायबंदी होतो.

बँकेत हयात गेलेल्या माणसाला हे कर्जखातेच वाटते. जितके खोल आणि जितका वेळ, तितकी उचल. परतफेड वर येताना आणि वर आल्यावरही कित्येक तास. डाइव्ह कॉम्प्युटर ही या खात्याची खतावणी. क्षणाक्षणाला दाब मोजायचा, किती नायट्रोजन नावे पडला ते मांडायचे आणि आणखी किती वेळ या खोलीवर राहता येईल ते दाखवायचे, एवढेच त्याचे काम.

या खतावणीचा पहिला नमुना आखला जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने. शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ साली त्याने तक्ते प्रसिद्ध केले. शरीराचे सगळे भाग सारख्या वेगाने नायट्रोजन घेत नाहीत, म्हणून त्याने पाच काल्पनिक कप्पे कल्पिले. कुणी पाच मिनिटांत निम्मा भरणारा, कुणी पंचाहत्तर मिनिटांत. त्याचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन याने पुढे दाबाचे धोकादायक प्रयोग स्वतःच्या शरीरावर केले. हाच हॉल्डेन १९५७ साली भारतात आला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला.

आजच्या अनेक यंत्रांतले गणित मात्र झुरिकच्या आल्बर्ट ब्युलमान यांच्या संशोधनावर आधारलेले आहे. त्यात सोळा कप्पे आहेत. सर्वांत जलद कप्पा चार मिनिटांत निम्मा भरतो, सर्वांत मंद ६३५ मिनिटांत. ब्युलमान स्विस. समुद्र नसलेल्या देशात उंचावरच्या तलावांत बुडी मारणाऱ्यांचे काय होते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. उंचावर हवेचा दाब मुळातच कमी, त्यामुळे समुद्रकाठचे तक्ते तिथे जसेच्या तसे चालत नाहीत.

इथे आपले दोन घाट एकत्र येतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंच आहे. इथला हवेचा दाब मालवणपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी. म्हणजे मालवणला दुपारी दोनदा खोल बुडी मारून जो गाडीत बसला आणि रात्री घाट चढला, तो पाण्याबाहेर आल्यानंतरही आणखी 'वर' येत असतो. खात्यावर अजून बाकी आहे आणि तेवढ्यात दाब घटतो.

यंत्राच्या पडद्यावर बुडीनंतर विमानाचे छोटे चित्र उमटते. ते असेपर्यंत विमानात बसू नका, असा त्याचा अर्थ. 'डायव्हर्स अ‍ॅलर्ट नेटवर्क' या संस्थेचा सल्ला असा की, एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा. हे चित्र पाहून आपला माणूस म्हणतो, मी तर मोटारीने चाललो! पण हा सल्ला २,००० फुटांपासूनच्या, म्हणजे ६१० मीटरपासूनच्या उंचीला लागू आहे, आणि आंबोली त्याहून उंच आहे. अमेरिकी नौदलाच्या नियमावलीतला तक्ता तर १,००० फुटांपासूनच सुरू होतो. त्या हिशेबात इगतपुरीही येते. शरीराला रस्ता आणि विमान यांतला फरक कळत नाही. त्याला फक्त दाब कळतो.

उगाच घाबरवण्याचा हेतू नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ हौसेने मारलेल्या उथळ, थोड्या मिनिटांच्या बुडीत नायट्रोजनची उचल किरकोळ असते. प्रश्न आहे तो दिवसात दोन-तीनदा खोल जाणाऱ्यांचा; आणि असे हौशी लोक आता कोल्हापूर, पुणे, नाशकातून येऊ लागले आहेत. त्यांच्यापैकी कुणाचा खांदा घरी आल्यावर ठणकू लागला, तर तो वात म्हणून बाम चोळील. अशा वेळी बुडीची हकीकत डॉक्टरांना न विचारता सांगितली पाहिजे. उपचार प्राणवायू आणि दाबकक्ष यांचा आहे, मलमाचा नाही.

सॉफ्टवेअरकडे या नजरेने पाहावे. गोडे पाणी की खारे, उंची किती, गणित किती सावध ठेवायचे, हे यंत्राला सांगावे लागते. काही यंत्रे उंची आपोआप ओळखतात, काहींना आपण सांगायची असते. आपले यंत्र कोणत्या जातीचे, हे पुस्तिकेतून शोधण्यात एक संध्याकाळ गेली तरी ती सत्कारणी लागली म्हणायची. फोनवरून सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतली की सगळ्या नोंदी पुन्हा ताडून पाहाव्यात. बँकेत नवी प्रणाली आली की जुन्या शिलका जुळवून घेत असू, तसेच. आणि काही केले तरी त्या गणितातले शरीर हे सरासरी शरीर असते. माझी साठी उलटल्याचे आणि रात्री झोप न झाल्याचे त्याला ठाऊक नसते. सावधपणाची पायरी मी म्हणूनच एकाने वर ठेवतो.

होकायंत्राची गोष्ट वेगळी, पण धडा तोच. उपग्रहाचे संदेश पाण्याखाली पोचत नाहीत, म्हणून गढूळ पाण्यात दिशेसाठी चुंबकाचाच आधार. यंत्रातले इलेक्ट्रॉनिक होकायंत्र जुळवताना मनगट सगळ्या बाजूंनी फिरवावे लागते, आणि तेही लोखंडापासून दूर. खिडकीचे गज, स्कूटर, गच्चीच्या स्लॅबमधल्या सळया, सगळे आड येते. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्याकडे एका अंशाच्याही आत आहे, एवढे आपले नशीब. पण लोखंडाला क्षमा नाही. निवृत्त युद्धनौका 'गुलदार' निवती रॉकजवळ समुद्रतळाशी ठेवण्याचा प्रकल्प शासनाने हाती घेतला आहे. अशा पोलादी जहाजाशेजारी होकायंत्रावर विसंबता येत नाही.

लोखंड आणि वीज यांपुढे चुंबकाचे काय होते, हे महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील हे संचालक नानाभाई मूस यांनी जाणले. अलिबागला चुंबकाला बाधा न आणणाऱ्या साहित्याची नवी वेधशाळा उभी राहिली. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन जुना हिशेब नव्याशी जुळवला गेला आणि १९०७ साली ट्राम धावू लागली. उपकरण बदलण्याआधी त्याची जागा तपासणारी ती माणसे होती.

माझ्या मनगटावरच्या यंत्राला आंबोली माहीत नाही, कसारा माहीत नाही. विमानाचे चित्र काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर समुद्रकाठी सुट्टी घालवून विमानाने घरी जाणारा माणूस होता. आपण घाटाने घरी जाणारी माणसे आहोत, ही नोंद आपणच करायला हवी. शेवटच्या बुडीनंतरची रात्र मालवणातच काढावी. एका मुक्कामाचे भाडे आणि वर माशाचे जेवण. या कर्जाची याहून स्वस्त परतफेड मला तरी ठाऊक नाही.