अकुतानचे उलटे विमान

विमानाची प्रतिकृती आणि विमानाचा देखावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रतिकृती कपाटात कुठेही ठेवली तरी शोभते. देखाव्याला मात्र ठिकाण लागते, तारीख लागते. त्यातही पडलेल्या विमानाचा देखावा असेल तर विमान कोठून आले, जमिनीला कसे लागले आणि का थांबले, हे पाहणाऱ्याला न सांगता कळले पाहिजे. एरवी तो मोडक्या खेळण्याचा ढीग होतो.

उदाहरण म्हणून दुसऱ्या महायुद्धातील एक प्रसिद्ध विमान घेऊ. ४ जून १९४२ रोजी ‘र्‍यूजो’ या जपानी विमानवाहू जहाजावरून निघालेल्या विमानांनी अलास्कातील डच हार्बर या अमेरिकन तळावर हल्ला केला. त्यात तादायोशी कोगा या तरुण वैमानिकाच्या झिरो विमानाची तेलाची नळी गोळीने फुटली. तेल सांडत विमान जवळच्या अकुतान बेटापर्यंत आले. खाली गवताचे सपाट मैदान दिसत होते, म्हणून कोगाने चाके खाली सोडून विमान उतरवले. ते मैदान नव्हते, गवताने झाकलेली दलदल होती. चाके रुतली, विमान नाकावरून उलथले आणि कोगा जागीच ठार झाला. वर घिरट्या घालणाऱ्या दोघा साथीदारांना अशा विमानाचा गोळ्या झाडून नाश करण्याचा हुकूम होता. पण कोगा कदाचित जिवंत असेल, या विचाराने त्यांनी गोळ्या झाडल्या नाहीत. महिन्याभराने, १० जुलैला, एका अमेरिकन गस्ती विमानाला ते दिसले. पुढे दुरुस्त करून सप्टेंबरमध्ये सॅन दिएगोला ते उडवण्यात आले आणि झिरोची मर्मे अमेरिकनांना कळली. झटकन नाक खाली घातले की त्याचे इंजिन बंद पडे, हे त्यांतलेच एक.

आता कामाकडे वळू. तामिया, हासेगावा या जपानी कंपन्यांचे संच १/७२ प्रमाणात मिळतात. झिरोचा पंखविस्तार १२ मीटर, म्हणजे या प्रमाणात पावणेसतरा सेंटिमीटर. पाऊण हात फळीवर देखावा आरामात बसतो.

पहिली अडचण प्लॅस्टिकच्या जाडीची. संचातील एक मिलिमीटर जाडीचा पत्रा प्रमाणाने सात सेंटिमीटरांचा होतो. खऱ्या विमानाचा पत्रा एक मिलिमीटरही जाड नसतो. त्यामुळे जिथे पत्रा चुरगळलेला दाखवायचा तिथले प्लॅस्टिक आतून खरवडून इतके पातळ करावे की दिव्यासमोर धरल्यास उजेड दिसावा. त्याहून सोपे म्हणजे तेवढा भाग कापून तिथे ॲल्युमिनियमचा पातळ कागद बसवणे. मात्र मोडतोड बेताने करावी, हौसेला आवर घालावा. या विमानाची शेपटीची उभी पाती, पंखांची टोके, वैमानिकावरचे काचेचे छत आणि चाकांचे पाय एवढेच मुख्यतः मोडले होते. पंखा तर किरकोळ डागडुजी करून पुन्हा वापरला गेला. तो केळीच्या सालीसारखा वाकवणे दिसायला नाट्यमय असेल, पण खोटे आहे.

तेलाचे डाग हा या देखाव्याचा आत्मा. उडताना गळलेले तेल वाऱ्याने मागे ओढले जाते, म्हणून नाकापासून शेपटीकडे लांब तपकिरी ओघळ हवेत. उलटल्यावर मात्र राहिलेले तेल जमिनीकडे, म्हणजे विमानाच्या पाठीकडे उतरते. या दोन दिशांचे डाग एकमेकांना काटकोनात छेदतात. टर्पेंटाइनने पातळ केलेला तैलरंग आणि बारीक कुंचला एवढ्यावर हे साधते. करड्या पोटावरची दोन लाल वर्तुळे आता आकाशाकडे असतात. ती मळवावीत, पण झाकू नयेत.

सर्वांत जास्त वेळ जमिनीला द्यावा. दिवाळीत किल्ला केलेल्यांना माती आणि अळीव यांची सवय असते; इथे ती मोडावी लागते, कारण माती सुकून तडकते आणि अळीव दोन आठवड्यांत माना टाकतात. थर्माकोलवर प्लास्टर, लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल यांचा लगदा पसरावा. (थर्माकोल उघडा ठेवून त्यावर थिनरचा रंग लावाल तर तो विरघळून खड्डा पडेल.) गुडघाभर गवत या प्रमाणात सात मिलिमीटरांचे होते. सुतळीचे धागे सोडवून, हिरव्या-पिवळ्या रंगात बुडवून, झुबके झुबके रोवावेत. गवत सर्वत्र दाट हवे, कारण कोगा फसला तो त्यामुळेच. पाणी फक्त चाकांच्या चरांत दिसावे. त्यासाठी स्वच्छ वॉर्निशचे पाच-सहा पातळ थर द्यावेत. चर आखूड ठेवून अचानक संपवावेत, त्यापुढे घसरल्याची खूण आणि मग विमान. हा क्रम नीट जमला की खाली पाटी लावायची गरज उरत नाही.

माणसे ठेवावीत का? ११ जुलैला तिथे पोचलेले अमेरिकन नौसैनिक विमानाभोवती उभे आहेत अशी छायाचित्रे आहेत, आणि बरेच जण तसाच देखावा करतात. अडीच सेंटिमीटरांच्या त्या मूर्ती मापाचा अंदाज देतात हे खरे. पण मग देखावा सापडलेल्या वस्तूचा होतो. मला ४ जूनची दुपार अधिक योग्य वाटते. तेव्हा जमिनीवर कुणीच नव्हते, आणि कोगा पट्ट्यांनी आसनाला बांधलेला, गवताखाली होता. त्याची मूर्ती कुणाला दिसणार नाही, तरी ती करून आत बसवावी आणि मगच विमान उलटे चिकटवावे. छताची चौकट लगद्यात अर्धी रुतवली की आतले काही दिसत नाही.