स्कॅनर नंतर, आधी मल्टीमीटर : गाडीचा इलेक्ट्रिक फॉल्ट कसा शोधायचा?

"भाऊ, फोर व्हीलरचं इलेक्ट्रिक काम सुरू करायचं आहे, स्कॅनर कोणता घेऊ?" भातकुली, दर्यापूरकडची पोरं पहिलं हेच विचारतात. माझं म्हणणं, आधी साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या. गाडीच्या ईसीयूला जे कळतं, तेवढंच स्कॅनर सांगतो. सेल्फच्या जाड वायरीत गंज चढला असेल तर बहुतेक वेळा तो त्याबद्दल काहीच बोलत नाही.

आता नेहमीचीच तक्रार घ्या. किल्ली फिरवली की नुसतं कट-कट वाजते, गाडी सेल्फ घेत नाही. पुष्कळ ठिकाणी लगेच निदान होतं, "बॅटरी गेली." गिऱ्हाईक हजारो रुपये घालून नवी बॅटरी बसवतो आणि आठ दिवसांनी गाडी पुन्हा तिथंच. मग तो तुमच्याकडं येत नाही, अन् गावभर सांगते ते वेगळंच.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी बंद असताना बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर लावा. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मगच पुढचं बोला. आता सोबतच्याला सेल्फ मारायला सांगा आणि आकडा पाहा. ९.६ च्याही खाली कोसळला तर बॅटरीवर संशय घ्यायला जागा आहे. पण आकडा ११ च्या वर टिकून राहतो आणि तरी सेल्फ फिरत नाही, तर बापा, बॅटरीचा काय दोष? करंट वाटेत कुठंतरी अडतोय, नाहीतर सेल्फमध्येच बिघाड आहे.

वाट तपासायची पद्धत सोपी आहे. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. दीड-दोन व्होल्ट दाखवले तर अर्थची वायर किंवा तिचा जोड खराब. जोड घासून, घट्ट करून पुन्हा मोजा. पॉझिटिव्हकडंही असंच, बॅटरीची खुंटी ते सेल्फचा बोल्ट.

"ओहमवर चेक केलं की, वायर चांगली दाखवते!" हो, दाखवणारच. सेल्फ घेतो १५० अँपिअरच्या आसपास. वाटेत फक्त ०.०१ ओहमचा अडथळा असला तरी दीड व्होल्ट तिथंच खलास. इतका बारीक अडथळा साध्या मीटरला मोजता येत नाही. म्हणून लोड चालू असतानाच मोजायचं.

आपल्या खारपाणपट्ट्यात हे जास्तच लक्षात ठेवा. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं गाडी धुतली की जोडांना गंज लवकर लागतो. आणि वऱ्हाडातला उन्हाळा बॅटरीचं आयुष्य कमी करतो, त्यामुळं बॅटरी कधी कधी खरंच गेलेली असते. अंदाज नको, आकडा पाहिजे.

चार्जिंग तपासायला गाडी चालू करा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. नव्या काही गाड्यांत ईसीयूच चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथं थोडा वेळ पाहा. चालू गाडीत बॅटरीची वायर काढून डायनामो तपासायची जुनी सवय मात्र पूर्ण बंद करा. व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू जळू शकतो. त्याचा खर्च तुमच्या महिन्याच्या कमाईपेक्षा मोठा असू शकतो. एअरबॅगच्या पिवळ्या वायरीला टेस्ट लॅम्प लावायचा नाही, हेही त्यातच आलं.

धंद्याचं म्हणाल तर तपासणीची फी आधीच सांगा, बोर्डावर लिहा. दहा रुपयांची थिंबल बदलून गाडी सुरू झाली तर गिऱ्हाईक म्हणेल, "एवढ्याचे एवढे?" तेव्हा जॉब कार्डावरचे आधीचे आणि नंतरचे आकडे त्याच्यासमोर ठेवा. काही जण तरी कुरकुर करतील, करू द्या.

स्कॅनर लागेलच, विशेषतः एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना. पण आधी महिनाभर घरच्या, शेजारच्या चालू गाड्यांवर हे आकडे वहीत उतरवा. चांगल्या गाडीचा आकडा माहीत असल्याशिवाय बिघडलेलीचा ओळखता येत नाही. फ्यूज बॉक्स आणि रिले पुढच्या व्हिडिओत घेऊ.