गुडघा सरळ हवा की पूर्वीसारखा?

गुडघ्याचे कृत्रिम रोपण म्हणजे जुना सांधा काढून नवा बसवणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात मांडीच्या व नडगीच्या हाडांच्या टोकांवरील काही मिलिमीटरचा थर कापून त्यावर धातू व प्लॅस्टिकचे आवरण चढवले जाते. हे छेद कोणत्या कोनात घ्यावेत, यावर मात्र तज्ज्ञांचे आजही एकमत नाही.

न्यूयॉर्कचे डॉ. जॉन इन्सॉल यांच्यासारख्या शल्यविशारदांनी रूढ केलेल्या 'मेकॅनिकल' पद्धतीत खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंतची रेषा गुडघ्याच्या मध्यातून जावी लागते आणि दोन्ही छेद हाडांच्या भारवाही अक्षांना काटकोनात घेतले जातात. भार दोन्ही बाजूंना समान वाटला गेला की रोपण अधिक टिकते, हा त्यामागचा विचार.

परंतु निसर्गाला काटकोनाचा सोस नाही! बहुतेकांच्या गुडघ्यात सांध्याची रेषा आतल्या बाजूला सुमारे ३ अंश उतरती असते. बेल्जियममधील डॉ. योहान बेलेमन्स व सहकाऱ्यांनी २०१२ साली २५० निरोगी तरुण-तरुणींची तपासणी प्रसिद्ध केली. त्यात ३२ टक्के पुरुषांच्या व १७ टक्के स्त्रियांच्या पायांत ३ अंश वा अधिक बाक मूळ घडणीचाच आढळला. असा पाय सरळ करायचा, तर आतील बाजूचे अस्थिबंध सैल करावे लागतात. गुडघा 'आपला' वाटत नाही, ही काही रुग्णांची तक्रार यातूनच उद्भवत असावी, असे अनेकांना वाटते.

अमेरिकेतील डॉ. स्टीफन हॉवेल यांनी पुरस्कारलेली 'कायनेमॅटिक' पद्धत म्हणूनच मूळचा उतार राखते. झिजलेली कूर्चा व करवतीच्या पात्याची जाडी हिशेबात धरून, जेवढे काढले तेवढेच परत बसवायचे, असे तिचे गणित आहे. तिच्यावरील आक्षेप टिकाऊपणाचा. मात्र अमेरिकेच्या मेयो क्लिनिकने २०१० साली ३९८ गुडघ्यांचा १५ वर्षांचा आढावा मांडला, तेव्हा सरळ रेषेच्या ३ अंशांच्या मर्यादेत बसलेले गुडघे इतरांहून अधिक टिकल्याचे दिसले नाही.

संगणक किंवा रोबो ठरलेला कोन अचूक साधतो. कोन ठरवतो तो डॉक्टरच. आपल्याकडे अनेक रुग्ण पाय पुरता धनुष्याकृती झाल्यावरच येतात. तेथे मूळ उतार जपायचा, पण ठराविक अंशांपलीकडे बाक ठेवायचा नाही, हा मध्यममार्ग अधिक सयुक्तिक वाटतो. त्यासाठी उभ्याने, खुब्यापासून घोट्यापर्यंत काढलेला क्ष-किरण फोटो पाहावा लागतो. केवळ गुडघ्याच्या फोटोवरून हा अक्ष कळत नाही.