चुकलेल्या गोळीची किंमत

मोठ्या जनावरासाठी कोणत्या कॅलिबरची रायफल वापरावी, हा प्रश्न आज वृत्तपत्रात चर्चिण्याजोगा आहे काय, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आणि त्यात १९९१ साली झालेली दुरुस्ती यांमुळे हौसेची शिकार आपल्या देशात संपुष्टात आली, आणि ते योग्यच झाले. परंतु शिकार संपली तरी जनावरे मारण्याचे प्रसंग संपलेले नाहीत. याच अधिनियमाचे अकरावे कलम माणसाच्या जीविताला वा पिकांना धोका निर्माण झाल्यास विशिष्ट जनावर मारण्याची परवानगी देऊ शकते. २०१६ साली बिहारमधील मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणवून दोनशेहून अधिक नीलगायी मारण्यात आल्या. केरळने २०२२ साली रानडुकरे मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांकडे सोपविले. महाराष्ट्रातही रानडुक्कर आणि रोही यांच्या उपद्रवाबाबत परवान्याची वाट मोकळी ठेवलेली आहे. जनावर मारावे की न मारावे यावर आपल्याकडे हिरिरीने वाद होतात. मात्र मारावयाचेच ठरल्यास ते कशाने मारावे, याविषयी कोणी फारसे बोलत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने रायफलीच्या नळीच्या पोकळीचा व्यास. नुसता व्यास मोठा असून भागत नाही. गोळीचे वजन, तिचा वेग आणि तिची बांधणी यांवर तिचा परिणाम अवलंबून असतो. हरिण, अस्वल वा वाघ यांच्यासाठी शरीरात शिरताच पसरणारी मऊ अग्राची गोळी लागते, तर हत्ती किंवा आफ्रिकी रानरेडा यांच्या हाडांतून सरळ आत जाण्यासाठी न पसरणारी घट्ट गोळी लागते. यावरून एखाद्यास वाटेल की जितकी अवजड रायफल तितकी ती उत्तम. तसे मात्र नाही. शक्ती वाढते तसा खांद्यास बसणारा धक्का वाढतो, धक्क्याच्या धास्तीने घोडा ओढण्यापूर्वीच नेम ढळतो, आणि अवजड गोळी भलत्या जागी लागते. सीमान्त उपयोगिता घटत जाते हा आमच्या शास्त्रातील नियम येथेही लागू पडतो. किमान शक्ती जनावराच्या देहावरून ठरते आणि कमाल मर्यादा नेमबाजाच्या खांद्यावरून. १९१२ साली ‘हॉलंड अँड हॉलंड’ या इंग्रज कारखान्याने काढलेले .३७५ कॅलिबर शंभर वर्षांनंतरही आफ्रिकेत टिकून आहे, याचे कारण ते या दोन मर्यादांच्या मधोमध बसते हे होय.

या मुद्द्यावर वाद घालणारे बेल या स्कॉटिश शिकाऱ्याचे उदाहरण हमखास पुढे करतात. विसाव्या शतकाच्या आरंभी आफ्रिकेत त्याने हजाराहून अधिक हत्ती मारले, आणि त्यांतील बहुसंख्य अवघ्या ७ मिलिमीटरच्या हलक्या रायफलीने. मग मोठ्या कॅलिबरचा आग्रह कशाला? परंतु बेलने हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदूची नेमकी जागा अभ्यासली होती, हे लक्षात घेतले पाहिजे. शिवाय असा पुरावा मुळातच एकांगी असतो. हलक्या रायफलीने यशस्वी झालेल्या शिकाऱ्याने पुस्तके लिहिली. त्याच रायफलीने हत्ती जखमी करून सोडणाऱ्यांनी, अथवा त्या हत्तीच्या पायाखाली गेलेल्यांनी, ती लिहिलेली नाहीत. नियम असामान्य माणसाकडे पाहून करावयाचे नसतात. सामान्य माणूस दमलेला असताना, उजेड कमी असताना आणि भीतीने हात कापत असताना काय करील, हे पाहून ते करावे लागतात.

झिम्बाब्वेच्या कायद्याने हे ओळखले आहे. हत्ती, रानरेडा व पाणघोडा यांच्यासाठी तेथे किमान ९.२ मिलिमीटर कॅलिबर आणि ५,३०० ज्यूल ऊर्जा आवश्यक ठरविली आहे. सिंहासाठी ७ मिलिमीटर आणि ४,३०० ज्यूल. बेलच्या रायफलीची ऊर्जा तीन हजार ज्यूलच्या आसपास भरते, म्हणजे या कायद्यानुसार तिने सिंहावरही गोळी झाडता येणार नाही. .३७५ ची ऊर्जा साडेपाच हजारांहून अधिक असते. शिकाऱ्याने स्वतःचा जीव धोक्यात घालावयाचा की नाही, हा त्याचा खाजगी प्रश्न मानता येईल. कायदा मध्ये पडतो तो निराळ्या कारणासाठी. अपुऱ्या शस्त्राचा परिव्यय शस्त्र निवडणारा भरत नाही. तो प्रथम जनावर भरते आणि नंतर शेजारचे खेडे भरते.

याचा सर्वांत करुण पुरावा आपल्याच देशातील आहे. जिम कॉर्बेट यांनी १९०७ साली मारलेल्या चंपावतच्या वाघिणीच्या नावावर नेपाळ व कुमाऊँ मिळून ४३६ बळी होते. तिच्या जबड्याच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले होते आणि ती जुन्या गोळीची जखम होती, असे कॉर्बेट यांनी नोंदविले आहे. सुळे मोडल्यामुळे नेहमीची शिकार करणे तिला अशक्य झाले. कोणी, केव्हा आणि कोणत्या बंदुकीने ती गोळी झाडली, हे अज्ञातच राहिले. झाडणारा बहुधा वाघीण निसटल्याची हळहळ करीत घरी गेला असेल. त्याच्या गोळीची किंमत मात्र गवत कापावयास आणि सरपण गोळा करावयास रानात गेलेल्या बायकांनी चुकती केली. खाजगी परिव्यय आणि सामाजिक परिव्यय यांतील तफावतीचे याहून भीषण उदाहरण पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

आता आपल्या कायद्याने कॅलिबरचा विचार कसा केला ते पाहू. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात .४५० कॅलिबरच्या रायफलींना बंदी केली. जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलीही ४५ च्याच असल्याने शिकारीचा दारूगोळा बंडखोरांच्या हाती जाईल, ही त्यामागील भीती होती. इंग्रज कारखानदारांनी तत्काळ .४६५, .४७० आणि .४७५ अशी नवी कॅलिबरे बाजारात आणली. .४५० आणि .४७० यांच्या गोळ्यांच्या व्यासात अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. वाघास वा गव्यास तो जाणवण्याचे कारण नव्हते. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला आणि .३०३ व ७.६२ मिलिमीटर ही लष्करी कॅलिबरे नागरिकांना निषिद्ध राहिली. त्यांची जागा आपल्या सरकारी कारखान्यातील .३१५ बोअरच्या रायफलीने घेतली. या धोरणात गैर काही नाही. शस्त्रे कोणाच्या हाती जातात याची चिंता कोणत्याही शासनाने केलीच पाहिजे. परंतु शंभर वर्षे आपण कॅलिबरचा विचार केवळ माणसाच्या भयाने केला, जनावराच्या देहाकडे पाहून कधी केला नाही, हे मान्य करावयास हवे.

परिणामी शेतकऱ्याच्या हाती आज काय आहे? कोकणात पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, अन्यत्र फार तर बारा बोअरची. रानडुकराच्या नराच्या खांद्यावर चिवट कातडीचे जाड कवच असते; रोहीचा नर दोनशे किलोंहून अधिक भरतो. अशा जनावरांवर दुरून छर्ऱ्यांचा बार काढणे म्हणजे त्यांना मारणे नव्हे, तर जखमी करून उसात वा झुडपात सोडणे होय. सकाळी त्या उसात कोयता घेऊन मजूर शिरणार असतो. वाघाच्या बाबतीत राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीत, नरभक्षक ठरलेला वाघ मारावयाचा झाल्यास ‘योग्य बोअर’चे शस्त्र द्यावे, असे म्हटले आहे. भावना उचित आहे, पण त्या वाक्यात आकडा नाही. आणि ज्या वाक्यात आकडा नसतो त्याचा अर्थ ऐनवेळी ज्याच्या हाती जे शस्त्र असेल त्यावरून ठरतो.

यावर कोणी म्हणेल की, असे नियम करणे म्हणजे शिकारीला मागील दाराने प्रतिष्ठा देणे होय. हा आक्षेप प्रामाणिक असला तरी मला पटत नाही. परवाने आजही दिले जातात. अनियमित राहते ती केवळ त्यानंतरची कृती. शासनाला तीन गोष्टी सहज करता येतील. प्रत्येक परवान्यात जनावरानुसार किमान कॅलिबर, गोळीचा प्रकार आणि कमाल अंतर नमूद करावे. असे शस्त्र शेतकऱ्याजवळ असण्याची अपेक्षा करू नये. ते वन खात्याने तालुक्याच्या ठिकाणी प्रशिक्षित नेमबाजासह उपलब्ध ठेवावे, म्हणजे शस्त्रांच्या प्रसाराचे भयही उरणार नाही. आणि जनावर जखमी होऊन निसटल्यास ते त्याच दिवशी कळविणे व त्याचा माग काढणे बंधनकारक करावे. या व्यवस्थेला खर्च येईल, हे उघड आहे. आज तोच खर्च कुठल्याही अंदाजपत्रकात न दिसता, उसाच्या फडात शिरणाऱ्या मजुराच्या माथी पडत आहे.