अ‍ॅडिसनचा आजार समजून घेऊ या



पाड्यावरची एखादी बाई दिवसेंदिवस थकत जाते. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढणारी ती आता अर्ध्या वाटेत बसते. जेवण नकोसे होते, वजन उतरते, उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. रंगही काळवंडतो. घरचे म्हणतात, उन्हात रापली. शेजारी म्हणतात, नजर लागली. कुणी म्हणते, कामाचा कंटाळा. दवाखान्यात अशक्तपणा म्हणून सलाईन लावतात, दोन दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच.

अशा थकव्याची कारणे पुष्कळ असतात. रक्त कमी असणे आणि क्षयरोग ही त्यांतली नेहमीची. पण एक कारण असे आहे की ते ओळखले गेले नाही तर माणूस दगावतो, आणि ओळखले गेले तर रोजच्या गोळीवर वर्षानुवर्षे कामधंदा करून जगतो. त्याला अ‍ॅडिसनचा आजार म्हणतात. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील डॉ. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून हे नाव.

शरीरात काय बिघडते?

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. तिला अधिवृक्क किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथी म्हणतात. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. तिच्या बाहेरच्या थरातून येणारी दोन संप्रेरके जगण्यासाठी अत्यावश्यक आहेत. पहिले कॉर्टिसोल. ते रक्तातील साखर व रक्तदाब टिकवते आणि ताप, जखम, बाळंतपण अशा प्रसंगी शरीराला तग धरायला लावते. दुसरे अल्डोस्टेरोन. ते शरीरातले मीठ राखून ठेवते.

ही ग्रंथी हळूहळू नष्ट होत जाते. तिचा बहुतांश भाग, सुमारे नव्वद टक्के, निकामी होईपर्यंत लक्षणे ठळक दिसत नाहीत. मग मात्र मीठ लघवीवाटे निघून जाते, रक्तदाब उतरतो, मळमळ व पोटदुखी सुरू होते, खारट खाण्याची विलक्षण ओढ लागते. सलाईनने तात्पुरते बरे वाटते ते त्यातल्या मीठ-पाण्यामुळे.

रंग का काळवंडतो? ग्रंथी काम करेनाशी झाली की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी तिला जागे करण्यासाठी आपले संप्रेरक अधिकाधिक सोडते. हे संप्रेरक त्वचेतील रंगपेशींनाही चेतवते. म्हणून तळहाताच्या रेषा, बोटांचे सांधे, जुने व्रण आणि हिरड्या काळ्या पडतात. सावळ्या माणसांच्या हिरड्यांवर असे डाग मुळातही असू शकतात. तेव्हा ‘हे पूर्वीपासून होते की नव्याने आले?’ हा प्रश्न आवर्जून विचारावा.

क्षयरोगाशी नाते

अ‍ॅडिसन यांच्या काळी या आजाराचे मोठे कारण क्षयरोग होते. आज पाश्चात्त्य देशांत शरीराची प्रतिकारशक्तीच या ग्रंथीवर उलटते, हे मुख्य कारण आहे. आपल्या देशात क्षयाचे जंतू, तसेच काही बुरशींचा संसर्ग, आजही ही ग्रंथी खातात. म्हणून आदिवासी भागात काम करणाऱ्यांनी हा आजार माहीत करून घेतला पाहिजे.

यात एक खाचखळगा आहे. क्षयावरील रिफाम्पिसिन या औषधामुळे यकृतात कॉर्टिसोल लवकर मोडते. ग्रंथी आधीच दुबळी असेल तर उपचार सुरू झाल्यावर रुग्ण सुधारण्याऐवजी एकाएकी खालावू शकतो. अशा वेळी क्षयाचे औषध आपल्या मनाने बंद करू नये. तातडीने डॉक्टरांना दाखवावे. ते संप्रेरकाच्या गोळ्या देतात किंवा त्यांची मात्रा वाढवतात.

याच्याशी मिळताजुळता धोका आणखी एका वाटेने येतो. सांधेदुखी किंवा दम्यासाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या की ग्रंथी सुस्तावते. काही वेळा गोळीत स्टेरॉइड आहे हे घेणाऱ्याला ठाऊकही नसते. गोळी एकदम थांबवली की शरीर कोसळते. इथे रंग काळवंडत नाही, पण धोका तितकाच खरा.

निदान आणि उपचार

सकाळी आठच्या सुमारास रक्तातील कॉर्टिसोल तपासतात. साध्या तपासणीत सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त दिसले तर संशय बळावतो. उपचार म्हणजे शरीरात जे तयार होत नाही ते बाहेरून देणे. हायड्रोकॉर्टिसोन साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम, दिवसातून दोन-तीन वेळा विभागून. ते न मिळाल्यास डॉक्टर प्रेडनिसोलोन देतात. मीठ राखण्यासाठी फ्लुड्रोकॉर्टिसोन.

हे संप्रेरक औषध म्हणून हाती येण्यापूर्वी निदान होणे म्हणजे मरणाची वाट पाहणे होते. कॉर्टिसोनच्या शोधाबद्दल केंडल, राइखश्टाइन व हेंच यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना हाच आजार होता. १९५४ साली पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर संसर्ग होऊन ते इतके खालावले की धर्मगुरूंना बोलावून शेवटचा अभ्यंग संस्कारही देण्यात आला. ते वाचले आणि पुढे १९६१ साली राष्ट्राध्यक्ष झाले.

घरच्यांनी व मंडळीने लक्षात ठेवावे

१. गोळी एक दिवसही चुकवू नये. बरे वाटते ते गोळीमुळेच.

२. ताप आला तर मात्रा दुप्पट-तिप्पट करावी लागते. ती कशी करायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

३. उलट्या-जुलाब होऊन गोळी पोटात राहत नसेल, रुग्ण गुंगीत जात असेल, तर वाट न पाहता दवाखान्यात न्यावे. हायड्रोकॉर्टिसोनचे १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन आणि सलाईन त्या वेळी प्राण वाचवते.

४. आजाराचे नाव व औषधे लिहिलेली चिठ्ठी रुग्णाने नेहमी जवळ ठेवावी. बेशुद्ध माणसाच्या वतीने ती चिठ्ठीच बोलते.

५. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ कमी करू नये. उपासकाळात लांबलचक उपास धरू नये. रक्तातील साखर धोकादायक उतरू शकते.

६. रुग्णासाठी जरूर प्रार्थना करा. पण ‘आता विश्वासाने गोळी सोड’ असे कुणीही सांगू नये. औषध हातात असताना ते थांबवल्याने माणूस गमावला, तर त्याचा भार आपल्यावर राहील.

आणि शेवटी, सतत थकणाऱ्या माणसाला आळशी म्हणण्यापूर्वी त्याच्या तळहाताच्या रेषा पाहा, उभे राहिल्यावर चक्कर येते का ते विचारा, आणि त्याच्यासोबत दवाखान्यापर्यंत चालत जा. डोंगरातून एकट्याने तेवढे अंतर जाण्याची ताकदच त्याच्यात उरलेली नसते.