इंजिनाची ताकद वाढवायची? आधी वॉल्व्हच्या स्प्रिंगचा हिशेब करा

आपल्या छत्रपती संभाजीनगरचं (औरंगाबादचं) गाड्यांशी नातं जुनं आहे. 1985 मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला, 2001 मध्ये शेंद्र्याला स्कोडाचा. शेंद्र्यात जुळणी झालेल्या गाड्यांपैकी ऑक्टाव्हिया आर.एस. ही शौकिनांची लाडकी. 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 150 हॉर्सपॉवर आणि 20 वॉल्व्ह. आज ती जुन्या बाजारात मिळते आणि घराघरांत एक संवाद सुरू होतो, "अब्बू, गाडी तर स्वस्तात मिळतेय, फक्त थोडं ट्यूनिंग करायचंय."

हे "थोडं" कुठे संपतं, ते आधी समजून घेतलेलं बरं. रिमॅप आणि मोठा टर्बो यांवर सगळे बोलतात. हेडच्या आतल्या स्प्रिंगबद्दल कोणी विचारत नाही. इंजिन मरतं ते बऱ्याचदा तिथेच.

वॉल्व्ह काय करतो?

इंजिन श्वास घेतं आणि सोडतं. त्या श्वासाचे दरवाजे म्हणजे वॉल्व्ह. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला हवा आत घेणारे तीन आणि धूर बाहेर सोडणारे दोन वॉल्व्ह असतात. दरवाजा उघडतो कॅमशाफ्ट, बंद करते स्प्रिंग. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक वॉल्व्ह एकदा उघडतो. म्हणजे 6000 आरपीएमला एका सेकंदात 50 वेळा उघड-बंद!

आता शाळेतलं गणित. वॉल्व्हला परत फिरवायला लागणारं बल आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. 6000 वरून 7000 वर गेलात तर वेग वाढला जेमतेम 17 टक्के, पण बल लागतं 36 टक्के जास्त. स्प्रिंग मात्र तीच जुनी. एका हद्दीनंतर ती मागे पडते, वॉल्व्ह कॅमची साथ सोडून तरंगतो आणि वेळेवर बंद होत नाही. तेवढ्यात खालून पिस्टन येतो. वॉल्व्ह वाकतो किंवा त्याचं डोकं तुटतं, पिस्टन फुटतो, तुकडे एक्झॉस्टमधून टर्बोत जातात. काही क्षणांत लाखाच्या घरातला खर्च उभा राहतो.

बूस्ट वाढवला तर?

आरपीएम तेवढंच ठेवून फक्त टर्बोचा दाब वाढवला, तरी स्प्रिंगवर ताण येतो. हवा घेणारा वॉल्व्ह 27 मिलिमीटर व्यासाचा धरा. त्याचं क्षेत्रफळ होतं सुमारे 5.7 चौरस सेंटिमीटर. बूस्ट अर्धा बार वाढवला की बंद वॉल्व्हच्या पाठीवर साधारण 3 किलोचा जादा दाब पडतो, तोही वॉल्व्ह उघडण्याच्या दिशेने. वर्षानुवर्षं गरम होऊन थकलेल्या स्प्रिंगला एवढं पुष्कळ झालं.

मग काय निवडायचं?

आधी दोन आकडे ठरवा: इंजिन किती आरपीएमपर्यंत फिरणार आणि बूस्ट किती असणार. पार्ट त्यानंतर.

1. फक्त सौम्य रिमॅप, आरपीएमची हद्द कंपनीचीच: स्प्रिंग काढून टेस्टरवर तपासा. कमजोर असतील तर नवीन ओरिजिनल पुरतात. त्यासोबत टायमिंग बेल्ट आणि दोन कॅम जोडणारी चेन व तिचा टेन्शनरही बघा. बेल्ट तुटला तर कितीही भारी वॉल्व्ह वाकणारच.

2. मोठा टर्बो किंवा वेगळा कॅम: कॅम बनवणाऱ्याने सांगितलेली स्प्रिंग घ्या. स्प्रिंग, रिटेनर आणि कॉटर एकाच सेटचे असावेत. तीन दुकानांतून तीन तुकडे जमवू नका. वॉल्व्ह पूर्ण उघडल्यावरही स्प्रिंगच्या वेढ्यांत साधारण एक मिलिमीटर जागा उरली पाहिजे. रिटेनर गाइडच्या सीलला लागत नाही ना, आणि वॉल्व्ह व पिस्टनमध्ये अंतर आहे ना, हेही मोजा.

3. खूप जास्त आरपीएम, फक्त ट्रॅकसाठी: इथे हलके टायटॅनियमचे रिटेनर कामाला येतात. वजन कमी, म्हणून स्प्रिंगचं कामही कमी. पण ते लवकर झिजतात, हेड पुन्हा पुन्हा खोलून बघावं लागतं. रोजच्या गाडीला चांगल्या स्टीलचे पुरे.

एक्झॉस्ट वॉल्व्हचा खरा दुश्मन उष्णता. त्यासाठी इनकोनेलसारख्या निकेलच्या मिश्रधातूचे वॉल्व्ह मिळतात. काही इंजिनांत पोकळ दांड्यात सोडियम भरलेले वॉल्व्ह असतात. सोडियम 98 अंशांना वितळतो आणि उष्णता डोक्याकडून दांड्याकडे नेतो. गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या मुलांनी लक्षात ठेवावं, असा जुना वॉल्व्ह कधीही कापू नये. सोडियमला पाणी लागलं की आग भडकते.

जास्त कडक म्हणजे जास्त चांगली?

नाही. गरजेपेक्षा कडक स्प्रिंग कॅम आणि टॅपेट घासते, सीटवर वॉल्व्ह आपटते आणि टायमिंग बेल्टवर भार टाकते. या इंजिनातले टॅपेट हायड्रॉलिक आहेत, त्यांनाही दाबाची मर्यादा आहे. लागेल तेवढीच ताकद घ्यावी.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 नुसार आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. विम्याचा क्लेमही अडकू शकतो. वेगाचा शौक असेल तर जागा ट्रॅकची: कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टई. जालना रोड ही ती जागा नव्हे.

तेव्हा मुलाने पैसे मागितले तर सरळ "नाही" म्हणण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारा. आरपीएम किती? बूस्ट किती? स्प्रिंग कोणी आणि कशावर मोजली? उत्तरं कागदावर लिहून आणली, तर मुलगा इंजिन शिकतोय असं समजा. आणली नाहीत, तर पैसे खिशातच राहू द्या.